उघाडीतला लाकडी ठोकळा

नोकरीतले बरेचसे गुन्हे आता डोक्यात एकमेकांत मिसळून गेले आहेत. कुठली चोरी आणि कोण पंच, हे आठवायला जोर लावावा लागतो. धरमतर खाडीकाठच्या फुटलेल्या बांधाची हकिकत मात्र कोणी झोपेतून उठवून विचारली तरी सांगता येईल.

मी पेणला बदलून आलो तेव्हा गुन्हा आधीच दाखल होता. ज्यांनी खारभूमीची शेती पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. खाडीचं पाणी अडवायला मातीचा लांब बांध घालतात आणि शेतातलं पावसाचं पाणी बाहेर जायला त्यात झडपेचं दार ठेवतात. त्याला उघाडी म्हणतात. ओहोटीला झडप आपोआप उघडते, भरतीला पाण्याच्या दाबाने मिटते. त्या वर्षी भात पोटरीत आलेलं असताना, अमावास्येच्या उधाणाला झडप मिटलीच नाही. पाणी आत घुसलं, उघाडीच्या कडेची माती खरवडली गेली आणि बांध फुटला. खारं पाणी एकदा शेतात बसलं की पुढची काही वर्षं भात धड येत नाही. अख्ख्या गावाचा घास गेला होता.

पंचनाम्यात झडपेच्या फटीत लाकडी ठोकळा सापडला. खाडीकाठी एक चोरटी रीत आहे. झडप थोडी उघडी ठेवायची, भरतीबरोबर मासळी आत येते आणि ओहोटीला परतताना जाळ्यात पडते. उघाडीच्या म्हाताऱ्या राखणदारानेच मासळीच्या लोभाने हे केलं, असं गावाने ठरवून टाकलं. त्याला अटक झाली, जामिनावर सुटला, पण गावाने टाकला तो टाकलाच. बारशाला, हळदीला त्याच्या बायकोला बोलावणं बंद झालं. तारखेला कोर्टात यायचा तेव्हा मला एवढंच म्हणायचा, "साहेब, मी नाय केला. पन आता ऐकतो कोन?"

दोषारोपपत्र पाठवायची वेळ जवळ आली होती. एकदा पाठवलं की म्हाताऱ्याचं उरलेलं आयुष्य आरोपी म्हणूनच जाणार होतं. मी मुद्देमालातला ठोकळा काढून पाहिला. त्याला नायलॉनच्या दोरीचा तुकडा बांधलेला होता. दोरीविषयी गावात कोणी बोलत नव्हतं, मीही बोललो नाही. पण ठोकळ्याला दोरी कशाला, हा प्रश्न मला जेवतानाही सोडेना.

टीप आली ती रोह्याहून. पूर्वी मी तिथे नोकरीला होतो. रोहा-धाटाव मिनीडोर, म्हणजे सहा आसनी रिक्षा, चालवणारा एक माणूस तेव्हापासून माझा खबरी. त्याचा फोन आला. "साहेब, धाटावच्या कंपनीत ठेकेदारीवर एक जण हाय. पेणकडचा कोनी प्याशिंजर भेटला की एकच विचारतो, उघाडीवरचा म्हातारा सुटला का? त्याला काय पडलंय?"

खरंच, त्याला काय पडलं होतं? साध्या कपड्यांत रोह्याला गेलो. माणूस पेणच्याच खाडीकाठच्या वाडीतला, पूर्वी शेतमजुरी आणि मासेमारी करणारा निघाला. बांध फुटल्यावर गाव सोडून धाटावला आलेला. खोलीवरच्या सोबत्याबरोबर एका लहानशा ख्रिस्ती मंडळीत प्रार्थनेला जाऊ लागला, दारू सोडली, बाप्तिस्मा घेतला. खबऱ्याची वहिनी त्याच मंडळीतली. ती म्हणाली, "गानी सगळ्यांच्या वर म्हनतो. पन प्रभुभोजनाची भाकरी, येशूच्या नावानं सगळे वाटून खातो ती, पुढं आली की हात लावत नाय, शेजाऱ्याकडं सरकवतो. दर टायमाला."

मी मंडळीच्या पाळकांना, म्हणजे धर्मगुरूंना भेटलो. पन्नाशीचे, शांत गृहस्थ. चहा दिला, पण त्या माणसाविषयी एक अक्षर बोलले नाहीत. मला थोडा रागच आला. मग विचारलं, "बरं, भाकरी न घेण्याचा अर्थ तरी सांगा."

"ज्याचं आपण वाईट केलं त्याच्याशी आधी मिटवावं, मग भाकरीला हात लावावा, असं आम्ही मानतो," ते म्हणाले. "कोणी थांबला तर आम्ही त्याला ओढत नाही. वाट बघतो."

वाट बघणं पोलिसांच्या स्वभावात नसतं. पण हातात पुरावा शून्य होता. भाकरी खाल्ली नाही म्हणून कोणाला अटक करता येत नाही. परत आलो.

त्यानंतरच्या सोमवारी दुपारी ठाणे अंमलदाराने सांगितलं, बाहेर एक जण आलाय, उघाडीबद्दल बोलायचं म्हणतो. तोच होता. कंपनीचा निळा शर्ट, पायात रबरी चप्पल, बसमध्ये उभ्याने आलेला.

आपणहून कबुली देणाऱ्यावर माझा विश्वास बसत नाही. अशा माणसाला बऱ्याचदा कोणीतरी पाठवलेलं असतं. मी त्याला उलटसुलट विचारलं. कोणी सांगितलं? म्हातारा तुझा कोण? मंडळीवाल्यांनी भाग पाडलं का? तो न चिडता उत्तरं देत राहिला. शेवटी मी म्हणालो, "झडपेत दगड घातलास ना?"

"दगड नाय, साहेब. दगडानं झडप फुटते. आमी लाकूड घालतो. ओहोटीला झडप उघडली की लाकूड आपलं तरंगत जातं, कोनाला कळत बी नाय."

"मग हे का नाही गेलं?"

त्याने मान खाली घातली. "चांगला ठोकळा होता. सारखा नवा कुठं तासायचा, म्हनून दोरी बांधली. सांजच्याला येऊन काढनार होतो. भावकीत हळद होती, तितं पिऊन पडलो. दोरीनं लाकूड तितंच ऱ्हायलं, आनि उधाण आलं."

दोरीचं कोडं सुटलं. एक लाकडाचा तुकडा वाचवायला गेला आणि गाव बुडाला.

पोलिसांपुढची कबुली कोर्टात टिकत नाही, म्हणून त्याचा जबाब न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर नोंदवायची व्यवस्था केली. त्याआधी त्याला विचारलं, कारण मला खरंच जाणून घ्यायचं होतं. "तुमचा देव माफ करतो म्हणतात. तुला केलं असेल. मग इथे का आलास?"

"माफ केलं, व्हय. दारू सुटली, झोप लागाय लागली. नवा मानूस झालास म्हनतात सगळे. पन नवा झालो म्हनून जुन्यानं केलेलं कोन निस्तरनार? मी तितं गानं म्हनतो आनि म्हातारा हितं पिंजऱ्यात. हे जमना, साहेब."

जागा दाखवण्याच्या पंचनाम्याला आम्ही त्याला बांधावर नेलं. गाव जमला होता. म्हातारा आणि त्याची बायकोही आली होती. त्याने म्हाताऱ्यासमोर हात जोडले आणि हळू आवाजात काहीतरी बोलू लागला. म्हातारीने त्याला मध्येच तोडलं.

"आमच्या कानात काय सांगतोस? आमाला ठावं हाय आमी नाय केलं. त्यांना सांग."

तो गावाकडे वळला आणि मोठ्याने सगळं बोलला. कोणी शिवी दिली, कोणी थुंकलं, एक जण अंगावर धावला, त्याला हवालदाराने आवरला. मग गर्दी पांगू लागली. काही जण म्हाताऱ्याकडे न बघताच निघून गेले. मला त्यांचाच जास्त राग आला. म्हातारी म्हणाली, "'चल गो हळदीला' असं वरीसभर कोनी म्हनलं नाय मला. आता म्हनतील." माफ केल्याचा शब्द मात्र नवरा-बायको दोघांनीही काढला नाही.

म्हाताऱ्याचं नाव गुन्ह्यातून वगळण्याचा अहवाल मी पाठवला. त्या माणसाला कोर्टाने जामीन मंजूर केला, पण जामीनदार कुठून आणणार? वाडीत कोणाच्या नावावर जमीन नाही. मंडळीतले सगळे भाड्याच्या खोलीत राहणारे. तो कोठडीतच राहील असं मी धरून चाललो होतो.

पुढच्या तारखेला कोर्टाच्या व्हरांड्यात म्हातारा दिसला. अंगात इस्त्रीचा सदरा, काखेत सातबारा. त्याच माणसाला जामीन राहायला आला होता. मी त्याला बाजूला घेतलं. "बाबा, माफ केलंत म्हणायचं याला?"

"नाय," तो म्हणाला. "आजून नाय होत. शेताकडं बघितलं की डोस्कं फिरतं."

"मग जामीन कसे राहता? उद्या पळाला तर जमीन अडकेल तुमची."

म्हाताऱ्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच काहीतरी खुळ्यासारखं विचारलं होतं.

"जो आपल्या पायानं आला, तो पळंल कशाला?"

माणूस का गुन्हा करतो, याची उत्तरं मला नोकरीत पुष्कळ मिळाली. लोभ, दारू, राग, बाकी फारसं काही नसतं. सुटलेला माणूस परत का येतो, हे मात्र त्या सोमवारपर्यंत मी कोणाला विचारलंच नव्हतं. आणि माफ न करताही एखाद्याच्या मागे उभं राहता येतं, हे त्या व्हरांड्यात कळलं. म्हाताऱ्याने सही केली, पेन परत दिलं आणि कोठडीतून सुटून येणाऱ्यासाठी बाकावर थोडा सरकून बसला.