एक घोट आणि दोन लवंगा

वेंगुर्ल्याच्या एसटी स्टँडवर, गाडी लागलेली असताना, आईने माझा उजवा हात धरून स्वतःच्या डोक्यावर ठेवला. आजूबाजूला पन्नास माणसं. माझ्या गळ्यात नवी बॅग, शर्टच्या खिशात पासपोर्ट, आणि तळहाताखाली आईचे तेल लावून चापून बसवलेले केस. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. ती म्हणाली, "बाटलेक हात लावलंस तर माजा मेलेला तोंड बघशीत." मी म्हटलं, "नाय लावचंय." कंडक्टरने घंटी मारली. माझी धाकटी बहीण सुमी तेवढ्यात खिडकीतून एक पिशवी आत कोंबत होती. तिच्यात आईने केलेल्या कोकमाच्या आगळाची बाटली होती. बाटलीला हात लावू नको म्हणणाऱ्या बाईने जाताना बाटलीच दिली, यावर आम्ही दोघं बहीणभाऊ पुढे कितीतरी वर्षं फोनवर हसलो.

आईच्या या शपथेमागे होता बंडूमामा, तिचा पाठचा भाऊ. दारूने गेला. तो संध्याकाळी आमच्याकडे यायचा तेव्हा अतिशय सभ्य असायचा. पायरीवर चपला नीट लावायचा, मला नि सुमीला गोळ्या द्यायचा, आणि तोंडात कायम लवंग. माझ्या लहानपणी लवंग हा मामाचाच वास होता. आई नुसती चुलीकडे वळायची. त्याला शेवटचं हॉस्पिटलात नेलं तेव्हाही त्याच्या खिशात लवंगांची पुडी होती.

तुम्ही जे मागे राहिलात त्यांना वाटतं, आम्ही एकदा विमानात चढलो की एकदम मस्कतच्या समुद्राकाठी उतरतो. मी उतरलो इब्रीला. तिथून समुद्र दिसत नाही, डोंगर दिसतात, तेही बोडके. अर्बाबचं, म्हणजे मालकाचं, किराणा दुकान होतं. सकाळी शटर वर, रात्री शटर खाली, मधे तांदळाची पोती. दोन वर्षांनी अर्बाबने पाठीवर हात ठेवून "खलास, यल्ला", झालं, जा आता, म्हटलं आणि दुसरी नोकरी धरायला मला मोकळं सोडलं. भला माणूस होता. त्याने सोडलं म्हणून मी मस्कतच्या एका मोठ्या हॉटेलात वेटर लागलो. आईला सांगितलं, हॉटेलात लोकांना वाढतो. ते खरंच होतं. ताटात की ग्लासात, हे तिने विचारलं नाही आणि मीही आपण होऊन सांगितलं नाही.

आता माझ्या नाकाविषयी सांगायला हवं. आई आगळ करायची, कोकमाची सोलं वाळवायची, लोणची घालायची आणि अर्धा गाव तिच्याकडून न्यायचा. बरणी उघडताना ती डोळे मिटायची. एक श्वास घ्यायची आणि सांगायची, ही ठेव, ही दोन दिवसांत संपव, ही माडाला ओत. चाखून बघायची तिला गरज पडत नसे. मला ते नाक तिच्याकडून मिळालं. हॉटेलातल्या आमच्या गोव्याच्या कॅप्टनने एकदा गंमत म्हणून चार ग्लास माझ्यापुढे ठेवले. मी नुसत्या वासावर सांगितलं की तिसऱ्यातलं बिघडलंय, ओल्या पुठ्ठ्यासारखं येतंय. ते खरोखर बिघडलेलं निघालं. बुचाचा दोष म्हणतात त्याला. त्या दिवसापासून माझी रवानगी वाइनच्या खोलीत झाली. पुढे त्यांनीच कोर्स करायला लावला, छातीवर द्राक्षाच्या घडाचा बिल्ला आला. ज्या हाताने आईच्या डोक्यावर शपथ घेतली, त्या हातात आता दिवसभर बाटल्याच असायच्या.

पण मी प्यालो नाही. आमच्या धंद्यात ते जमतं. घोट तोंडात घ्यायचा, घोळवायचा आणि बाजूच्या भांड्यात थुंकायचा. नवीन मुलं चोरून गिळतात, मी कधी गिळला नाही. मनाशी मी एक वकिली केली होती. हात लावणं म्हणजे पिणं, आणि मी पीत नाही, म्हणून मी शपथ मोडलेली नाही. अकरा वर्षं ही वकिली बिनबोभाट चालली. रमजानमध्ये वाइनची खोली कुलूपबंद असायची, तेव्हा मी सुट्टी टाकून गावी जायचो. आई पडवीत उभी असायची. "इलंस रे झिला," म्हणून दोन्ही तळव्यांत माझं तोंड धरायची, स्वतःच्या तोंडाजवळ ओढायची, आणि डोळे मिटून क्षणभर तशीच थांबायची. चाळिशीकडे झुकलेला माणूस मी, बायको आणि मुलगी मागे बॅगा घेऊन उभ्या, आणि मला तेव्हा अगदी लहान झाल्यासारखं वाटायचं. त्या एका क्षणासाठी मी वर्षभर वाट बघायचो, हे आज कबूल करायला हरकत नाही.

आमच्याकडे एक फ्रेंच म्हातारा यायचा, मार्सेल साहेब. बरक्याला समुद्राचं पाणी गोडं करण्याचा प्लँट आहे, तिथे तो इंजिनियर होता. वर्षातून एकदा, वडिलांच्या स्मृतिदिनाला, तो एकटा दुपारी जेवायला यायचा आणि एकच वाइन मागवायचा. बोर्दोकडच्या एका फार जुन्या मळ्याची रेड वाइन, शेकडो वर्षं एकाच जमिनीतल्या द्राक्षांची. लेबलवर दगडी फाटक आणि त्यामागे वेलींच्या सरळ ओळी. आमच्याकडे तिच्या मोजक्याच बाटल्या होत्या आणि त्या कशा निजवल्यात, किती थंडाव्यात आहेत, हे मी पोरीच्या तापासारखं बघायचो. जुन्या रेड वाइनला तळाशी गाळ येतो. आदल्या दिवशी बाटली उभी करून ठेवायची, दुसऱ्या दिवशी बूच हलक्या हाताने काढायचं, मग मानेखाली मेणबत्ती धरून दुसऱ्या भांड्यात ओतत राहायचं. काचेतून गाळाची पहिली काळी रेघ मानेशी आली की थांबायचं. मार्सेल साहेब त्या वेळी माझ्या हाताकडे बघत बसायचा.

एकदा त्याने सांगितलं की त्याचे वडील त्या मळ्यात द्राक्षं तोडायला जायचे. आयुष्यभर तोडली, पण ही वाइन कधी त्यांच्या जिभेला लागली नाही. "म्हणून त्यांच्या नावाने मी पितो," तो म्हणाला. मला आमच्याकडची पितरांची पानं आठवली.

गेल्या वर्षी रमजान लागायला चार-पाच दिवस असताना सुमीचा फोन आला. आईचे पाय सुजलेत, जेवण तुटलंय, डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलंय. घरी न्यायला सांगतात तेव्हा त्याचा अर्थ काय असतो, हे आपल्याला सगळ्यांना कळतं. दुसऱ्या दिवशीचं मोप्याच्या विमानाचं तिकीट काढलं. मुलीची परीक्षा होती म्हणून बायको आणि ती इकडे सीबच्या घरीच राहणार होत्या. आणि फोन आला त्याच दुपारी मार्सेल साहेबाचं टेबल बुक होतं. तो निवृत्त होऊन कायमचा परत चालला होता. बाटली मी आदल्या दिवशीच उभी केली होती, म्हणून मीच ड्युटीवर गेलो. दुसऱ्या कोणी ती ओतावी असं मला वाटेना. आई तिकडे अंथरुणावर आणि मी इकडे मेणबत्ती धरून गाळ बघतोय. आता लिहितानाही लाज वाटते.

जेवण झाल्यावर साहेबाने उरलेली वाइन एका स्वच्छ ग्लासात ओतली आणि माझ्यापुढे सरकवली. डायनिंग हॉल रिकामा झाला होता. तो इंग्रजीत म्हणाला, "आज थुंकू नकोस. माझ्या वडिलांना कोणी प्यायला दिली नाही. तू तरी पी."

ड्युटीवर पिणं नियमात बसत नाही, हे पहिलं कारण सांगता आलं असतं. आईची शपथ आहे, हे दुसरं. मी यातलं काहीच सांगितलं नाही. खरं सांगायचं तर मला ती प्यायची होती. अकरा वर्षं मी एखाद्या घराच्या उंबऱ्यावरून वास घेऊन परत फिरत होतो. मी घोट घेतला आणि गिळला. घशातून खाली जाताना आधी तुरटपणा लागला, मग पाऊस थांबल्यावरच्या मातीसारखं काहीतरी, आणि सगळ्यात शेवटी, बऱ्याच वेळाने, वाळत घातलेल्या कोकमाच्या सालींचा वास आला. आमच्या अंगणातला. थुंकत होतो तेव्हा तो मला कधीच आला नव्हता. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, साहेबाला वाटलं वाइन आवडली. आवडलीच होती.

घरी आलो, दात घासले. सकाळी परत घासले. तरी विमानतळावर निघताना स्वयंपाकघरात जाऊन मसाल्याच्या डब्यातून दोन लवंगा काढल्या आणि खिशात टाकल्या. का, ते त्या वेळी मी स्वतःलाही विचारलं नाही. मोप्याला उतरून टॅक्सीत बसलो आणि आमच्या गावाचा फाटा आल्यावर दोन्ही तोंडात टाकून चावल्या.

आई पडवीत नव्हती. आतल्या खोलीत पडून होती, अर्धी झालेली. मी जवळ बसलो तसे तिने हात वर केले. हातांत जोर नव्हता, म्हणून मीच वाकून तोंड तिच्या तळव्यांत दिलं. तिने डोळे मिटले. आणि मग हात काढून घेतले. दर वेळेपेक्षा लवकर.

"लवंग खाल्लंस?" तिने विचारलं.

"दात दुखता," मी म्हटलं.

"खयचो?"

"उजवेकडचो."

 ती मान भिंतीकडे वळवून पडून राहिली. मला वाटलं, थकली.

सहाव्या दिवशी ती गेली. मी उशाशी होतो. लोक येऊन म्हणत होते, नशीबवान तू, गल्फमधल्या माणसांना एवढंही मिळत नाही. आमच्यापैकी ज्यांना आईबापांचं शेवटचं दर्शन फोनच्या स्क्रीनवर घ्यावं लागलं, त्यांच्यासमोर मी तोंड वर करून काय बोलणार? खरंच नशीबवान म्हणायचा. पण तिच्या तोंडात तुळशीचं पान ठेवताना मला एसटी स्टँडवरचं तिचं वाक्य आठवलं. शपथांनी माणसं मरत नाहीत, हे मला कळतं. तिचं हृदय थकलं होतं, डॉक्टरांनी लिहून दिलंय. तरी त्या वाक्यातला शब्द न् शब्द माझ्या पुढ्यात निजलेला होता.

बाराव्यानंतर सुमी आणि मी तिची ट्रंक आवरत होतो. मी सहज म्हटलं, आता आलो की तोंड धरायला कोणी नाही. सुमीने घडी घालत असलेलं लुगडं खाली ठेवलं. "दादा, ती तुझ्या तोंडाचो वास घेय होती. तुका म्हायत नाय?"

मग तिने सांगितलं. हॉटेलात लागल्यावरच्या माझ्या पहिल्याच सुट्टीत आईने माझे कपडे धुवायला काढले आणि नाकाशी नेले. काळ्या जाकिटाच्या बाहीला वास होता.  संध्याकाळी मी बाहेरून आलो, तेव्हा तिने माझं तोंड जवळ ओढून बघितलं आणि नंतर सुमीला म्हणाली, "कपड्यांक वास आसा, तोंडाक नाय." त्यानंतर दर वर्षी तिने तेच केलं. मी काय काम करतो, हे तिला अकरा वर्षं माहीत होतं. पोरगा दिवसभर त्यातच असतो आणि पीत नाही, याचा तिला अभिमान होता, असं सुमी म्हणाली. तो तिने कुणाला सांगितला नाही, कारण सांगायचा तर माझी नोकरीही सांगावी लागली असती.

मी विचारलं, "आणि ह्या वेळी? ह्या वेळी काय म्हणाली?"

"काय नाय. झिलाचो दात दुखता, त्याका दाखवूक सांग, इतक्याच. दोनदा म्हणाली." सुमीने ट्रंकेचं झाकण लावलं. "दाखव हा, दादा. इसरा नको."

एका घोटाचा वास दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तोंडात राहत नाही. हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक असणार? मी तसाच गेलो असतो तर तिने डोळे मिटून माझं तोंड हुंगलं असतं आणि ती समाधानाने गेली असती. मी लवंग खाल्ली. तिच्या भावाचा वास मी तिच्या तळव्यांत नेऊन ठेवला. तिने दाताचं खरं मानलं की मला झाकून घेतलं, हे सांगणारं आता कोणी नाही. सुमीला वाटतं खरं मानलं. मी सुमीला काही सांगितलेलं नाही. ती हे वाचेल तेव्हा तिला कळेल, म्हणूनही हे लिहितोय.

मी अजून त्याच वाइनच्या खोलीत आहे. थुंकतो. आमच्या घरातल्या मसालेभातात आता लवंग नसते. बायकोने एकदा विचारलं, परत विचारलं नाही. माझी मुलगी ईशा अडखळत मराठी बोलते, "बाबा, आपण गावी कधी जायचा?" म्हणते, आणि मी तिला शाळेच्या सुट्ट्या विचारत बसतो. गावी पडवी आहे, आगळाच्या बरण्या आहेत, सुमी चहा करते. पण घर म्हणजे मला ते दोन तळवे होते, जिथे दर वर्षी माझी तपासणी व्हायची आणि मी पास होऊन आत जायचो. आता मी कुठेही बेधडक आत जातो. कोणी थांबवत नाही.

सीबला परतल्यावर महिन्याभराने मी दातांच्या डॉक्टरकडे गेलो. जुन्या सूक बाजारामागे एका मल्याळी डॉक्टरचा दवाखाना आहे. त्याने दिवा खाली ओढला, आरसा घालून एकेक दात वाजवून बघितला, आणि हातमोजे काढत म्हणाला, "सब ठीक है, भाई. कुछ भी नहीं है. कौनसा दुखता है?"

मी खुर्चीत पडल्या पडल्या गालावर बोट ठेवलं.

"उजवेकडचो," मी म्हटलं.