तालमीचा उंबरा

केरबा वस्ताद भल्याभल्या पहिलवानांना भीत नसत, पण बाईच्या सावलीला भीत. उंब्रजच्या अलीकडं आमचं गाव. तिथल्या तालमीत त्यांचा एकच कायदा होता : उंबऱ्याच्या आत बाईमाणसाचं पाऊल पडायचं नाही. पडलं तर मातीचं बळ जातं, पहिलवानाचा लंगोट सैल होतो, वगैरे वगैरे. दारावरून एखादी डोईवर पाटी घेऊन निघाली की वस्ताद खाकरून तिला पलीकडच्या अंगानं जायला लावत. लग्न त्यांनी केलंच नव्हतं. तालीम हेच घर, तिथंच चूल, तिथंच घोंगडं. मीही तिथं जोर काढायचो. माझ्या अंगी लागलं ते फक्त खाणं.

वस्तादांनी उभ्या आयुष्यात खरा मल्ल घडवला तो एकच, नाथाजी. त्याला पोसत होते लालासाहेब, गावातले बडे बागाईतदार. म्हशीचं दूध, तूप, बदाम, शिवाय आखाड्याच्या मातीत मुरवायला ताक, तेल, हळद, सगळं त्यांच्या घरचं. त्या बदल्यात नाथाजीनं सांगली-कोल्हापूरकडं कुस्त्या मारायच्या आणि लालासाहेबांनी गुलालात माखून मिरवायचं. घाम एकाचा, छाती दुसऱ्याची. असो, हौसेला मोल नसतं.

दुसऱ्या महायुद्धाचं शेवटचं वर्ष होतं. सांगलीचं मैदान तोंडावर आलं होतं, आणि अशात हा नाथाजी भर दुपारी उसाच्या बांधावर मनुबाईच्या अंगावर गेला. मनुबाई म्हणजे अर्जुनाची बायको. अर्जुना पलटणीत होता, तिकडं इटलीत. ती बिचारी वैरण कापत होती. नाथाजीनं तिचा डावा हात धरून पिरगाळला. तिनं उजव्या हातातला विळा चालवला आणि त्याचा खांदा चांगलाच फाडला. तशीच धावत ती गावात आली आणि चावडीपुढं उभं राहून तिनं सगळं सांगितलं.

गाव हळहळलं. पण कशासाठी? नाथाजीच्या लंगोटासाठी! "लंगोट बाटला की रं, आता सांगलीला काय हुणार?" पारावर नुसतं सुतक. वस्ताद तर तालमीतल्या मारुतीपुढं बसून ढसाढसा रडले. मनुबाईला काय झालं, हे एकाही बाप्याला विचारावंसं वाटलं नाही. त्या पाराचा मला अजून राग येतो.

लालासाहेब रडणाऱ्यांतले नव्हते. ते सरळ तालमीत आले.

"वस्ताद, माती खणताना पोराच्या खांद्याला फावडं लागलं. व्हय ना?"

"न्हाई, मालक. त्यो सोताच मला म्हनला..."

"उद्या भैरोबाच्या देवळात पंच बसणार हायती. तुमी बेलभंडार उचलून फावड्याचं तेवढं सांगा. बाई खोटी पडली तर माहेरी जाईल. पैलवान गेला तर पुन्हा घावतोय व्हय? आन् ही तालीम कुणाच्या जिवावर चाललीया, ते काय मी सांगाय पायजे?"

वस्तादांनी कधी खोटी शपथ घेतली नव्हती, म्हणूनच त्यांचा शब्द हवा होता. मनुबाईच्या सासरच्या भावकीनंही सांगून टाकलं होतं : वस्ताद उलट बोलले, तर ही सून घरात ठेवायची नाही.

त्याच दिवशी दिवेलागणीच्या आधी मनुबाईची सासू साळूबाई सुनेला घेऊन तालमीच्या दाराशी आली. पंचक्रोशीतले मोडके हातपाय वस्तादांकडंच यायचे. बायकांची हाडं ते बाहेरच्या कट्ट्यावर, मान वळवून बसवत.

"आवं वस्ताद," साळूबाई म्हणाली, "लंगोटाचं समद्यांनी इचारलं. हिच्या हाताचं कुनी इचारलं न्हाई. बघता का जरा?"

मनगट टम्म सुजलं होतं. वस्ताद मान वळवून चाचपू लागले आणि मध्येच थांबले. त्यांनी वळून त्या मनगटाकडं नीट पाहिलं. हाड ज्या अंगाला निसटलं होतं, जसा पीळ बसला होता, तो डाव त्यांचाच होता. नाथाजीकडून त्यांनी तो हंगामभर घोटून घेतला होता. मनुबाईनं हूं की चूं केलं नाही. वस्तादांच्याच तोंडून "आई गं" निघालं. त्यांनी हाड बसवलं, हळदीचा लेप लावला, बांबूच्या कांबी बांधल्या आणि आत गेले.

दुसऱ्या दिवशी देवळात मुंगीला शिरायला जागा नव्हती. साळूबाई खांबाला धरून उभी, शेजारी मनुबाई खाली मान घालून. वस्तादांनी ताटातला बेलभंडार उचलला. आता ही बाई बुडाली, असंच वाटलं.

"खांद्याची खोक तालमीत पडली न्हाई," वस्ताद म्हणाले. "ती इळ्याचीच हाय. नाथाजीनं सोता मला हसत हसत सांगितलं. पर ह्या पोरीचं मनगाट मातूर माझ्या तालमीत मोडलं. डाव माझा हाय. जलमभर मी बायांपास्नं पैलवान राखला. पैलवानापास्नं बाया राखायच्या, हे माझ्या टकुऱ्यात कवा आलंच न्हाई."

मग साळूबाईनं सुनेच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाली, "चल गं, घरला." माहेरला नव्हे, घरला! मी सुटकेचा असा श्वास सोडला की पुढच्यानं मागं वळून बघितलं.

लालासाहेब नाथाजीला घेऊन तरातरा निघून गेले. सांगलीला त्याच्याशी जोड धरायला कुणी तयार होईना. बेलभंडाराची बातमी तिथं आधीच पोचली होती. पण इकडं तालमीचं ताक-तेल बंद झालं. आखाड्याला भेगा पडू लागल्या. माती वाळली की तालीम मेली, हे वस्तादांना कुणी सांगायला नको होतं. एका सकाळी त्यांनी घोंगडं गुंडाळलं. या वयात कुठं जाणार, हे त्यांचं त्यांनाही ठाऊक नव्हतं.

तेवढ्यात दारात साळूबाई. डोईवर ताकाची घागर. मागं अत्तारांची रहिमतबी हळदीची पुडी घेऊन, आणि तिच्या मागं पार वेशीपर्यंत बायाच बाया.

"माती काय लालासायबाची न्हाई, मारुतीची हाय," साळूबाई म्हणाली. "घ्या, वता."

घागरी उंबऱ्याबाहेर ठेवून एकेक जण मागं सरत होती. वस्तादांचा कायदा सगळ्यांना पाठ होता. शेवटी मनुबाई आली. हात अजून बांधलेला, दुसऱ्या हातानं कमरेवरची कळशी सावरत होती. ती खाली ठेवायला वाकली.

"थितं ठिवू नगं," वस्ताद म्हणाले. "आत ये. तुझ्या हातानं वत."

ती सासूकडं बघत राहिली.

"जा की गं," साळूबाई हसली, "मारुती काय पळून जात न्हाई."

मनुबाई उंबरा ओलांडून आत गेली आणि तिनं कळशी आखाड्यात रिती केली. मातीनं ताक गटागटा पिऊन टाकलं. वस्तादांनी फावडं घेऊन माती खालीवर केली, चिमूटभर कपाळाला लावली आणि घोंगडं परत खुंटीला टांगलं. डोळे पुसत माझ्यावर खेकसले, "बगत काय हुबा ऱ्हायलास, गड्या? जोर काढ!"