डाव्या मांडीचं माप

तीस वर्षं मी औषधाच्या दुकानात उभा राहिलो. आधी पाचोडला दुसऱ्याच्या दुकानात, मग सिडकोत स्वतःच्या. समोरच्या माणसाला काय होतंय, हे तो तोंड उघडायच्या आत मला कळायचं. विशेषतः म्हातारे. गर्दी असली की ते बाजूला थांबायचे, बायामाणसं गेली की पुढं सरकून हळूच म्हणायचे, "लघवीचं जरा..." पँटीवरचा ओला डाग पिशवीनं झाकलेला असायचा. मी गोळी द्यायचो आणि सांगायचो, डॉक्टरला दाखवा. चेहरा सरळ ठेवायचो, पण मनातून मला त्यांची किळस यायची.

साठी ओलांडली आणि माझीही धार बारीक झाली. सुरू व्हायला वेळ लागायचा, आणि संपली म्हणून वळलो की दोन थेंब कपड्यात. दुकानातल्याच फळीवरची एक स्ट्रिप काढली आणि रोज रात्री एक गोळी घ्यायला लागलो. धार मोकळी झाली. दीड वर्ष असंच गेलं. डॉक्टरकडं गेलो तर तो मागच्या बाजूनं बोट घालून तपासणार, हे मला माहीत होतं. त्या विचारानंच शिसारी यायची. बायकोनं विचारलं तेव्हा बीपीची गोळी म्हणून सांगितलं.

मुलीचं लग्न ठरलं तेव्हा सफारी शिवायला टाकायला गेलो. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एका टेलर मास्तरांचं दुकान आहे. मुसलमान गृहस्थ, माझ्याच वयाचे. माझे कपडे वीस वर्षं तेच शिवत आलेत. त्यांनी डाव्या मांडीभोवती टेप फिरवला, मग उजव्या, मग परत डाव्या.

"भाईसाब, डावी मांडी दोन इंच जादा भरती."

"दिवसभर उभं राहून सूज येती, मास्तर."

"उभं राहून दोन्ही सुजतात." त्यांनी मापाची जुनी वही काढून माझ्यापुढं धरली. "हे बघा, मागल्या दिवाळीचं. दोन्ही बराबर हाय. आधी डॉक्टरला दाखवा, मी कपडा नंतर कापतो."

मला राग आला. घरी येऊन न्हाणीत पाटावर बसलो आणि डाव्या नडगीवर अंगठा दाबला. खड्डा पडला तो पडूनच राहिला. उजव्या पायाला तसं होत नव्हतं. माझाच पाय, पण मला तो परक्याचा वाटला, फुगलेला आणि पांढरट.

जालना रोडवरच्या एका युरॉलॉजिस्टकडं गेलो. माझ्या मुलीपेक्षा चार-पाच वर्षांनी मोठा असेल.

"किती दिवस गोळी घेताय, काका?"

"दीड वर्ष."

"लिहून कुणी दिली?"

"मीच घेतली. माझं मेडिकल आहे."

त्यानं पेन खाली ठेवलं. मग टेबलावर झोपायला सांगितलं. ती तपासणी अर्ध्या मिनिटात झाली. तेवढ्यासाठी मी दीड वर्ष घालवलं होतं. हातमोजा काढत तो एवढंच म्हणाला, "प्रोस्टेट कडक लागतंय."

मग रक्ताची तपासणी झाली, प्रोस्टेटचा बारीक तुकडा काढून तपासणं झालं, स्कॅन झाला. रिपोर्ट आल्यावर त्यानं कागदावर एक गोल काढला आणि त्याच्या बाजूनं वर जाणारे पाच-सहा ठिपके.

"हे प्रोस्टेट. कॅन्सर त्याच्या बाहेर सरकलाय आणि ओटीपोटातल्या या लसिका ग्रंथींमध्ये गेलाय. पायातलं पाणी यांच्यातूनच वर जातं. या भरल्या म्हणून ते खाली तुंबलं."

"हाडात?"

"नाही. हाडात दिसत नाही. पण नुसत्या ऑपरेशननं भागायचं नाही आता. हार्मोनचं इंजेक्शन चालू करू, गोळ्या देऊ आणि दोन महिन्यांनी रेडिएशन."

"माझ्या गोळीनं झालं का हे?"

"नाही. गोळीनं फक्त धार मोकळी केली. तुम्ही निवांत बसलात."

घरी आल्यावर बायकोला म्हणालो, "ती गोळी बीपीची नव्हती." सगळं सांगितलं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती, त्या तिनं पुऱ्या केल्या. मग म्हणाली, "जगाला औषधं सांगता आन् बायकोशी खोटं बोलता."

मास्तरांनी डाव्या पायाला जास्तीचा कपडा सोडून पँट शिवली. लग्न पार पडलं. इंजेक्शनमुळं अंगातून वाफा निघायच्या. अक्षता पडत असताना मी घामानं निथळत होतो आणि लोकांना वाटलं, मुलगी सासरी चाललीय म्हणून बापाला गहिवरून आलंय.

त्यानंतर सात आठवडे रेडिएशन. रोज पोट साफ करून जायचं, भरपूर पाणी प्यायचं आणि नंबर येईपर्यंत लघवी दाबून बसायचं. बाकावर आम्ही सहा-सात म्हातारे मांड्या आवळून बसलेलो. चौथ्या आठवड्यात जुलाब लागले, आव पडायला लागली. एकदा परत येताना क्रांती चौकाच्या सिग्नलला रिक्षातच झालं. रिक्षावाल्यानं आरशातून बघितलं आणि तोंडाला रुमाल लावला. त्याच्यावर मी चिडू शकलो नाही. तीस वर्षं मी काउंटरमागं तेच केलं होतं, फक्त रुमाल न लावता.

त्याच आठवड्यात करमाडहून माझा साडू भेटायला आला. प्लॅस्टिकच्या बाटलीत गोमूत्र घेऊन आला होता.

"ते इंजेक्शन बंद करा आधी," तो म्हणाला. "मानूस बायकी व्हतो त्यानं. छातीबी सुटती म्हन्तेत." मग माझ्या बायकोकडं बघून हसला आणि मला विचारलं, "आता काय जमतंय का नाय?"

बायको उठून आत गेली. मी म्हणालो, "चहा घ्या आन् निघा." तो चहा न घेताच गेला. बाटली मी मोरीत ओतली. तिचा वास संध्याकाळपर्यंत होता, पण त्याच्या त्या हसण्याची घाण मला अजून जात नाही. आमच्याकडं तो परत आला नाही.

आता तीन वर्षं झाली. रक्तातला कॅन्सरचा आकडा अगदी खाली आला आणि तिथंच आहे. स्कॅनमध्ये गाठी आकसल्या आहेत. "बरं झालं" असं डॉक्टर म्हणत नाही, "ताब्यात आहे" म्हणतो. पाय उतरला, पण उजव्यासारखा झाला नाही. रोज सकाळी पावलापासून मांडीपर्यंत पट्टी बांधावी लागते आणि मला वाकता येत नाही, म्हणून ती बायको बांधते. उन्हाळ्यात कातडीच्या घडीत ओल धरते, कुजका वास येतो. ती घडी पुसते, कोरडी करते, पावडर लावते.

परवा मी तिला विचारलं, "तुला घाण वाटत नाही का?"

"वाटती की," ती म्हणाली. "रोज वाटती. पाय जरा इकडं घ्या."

मी पाय तिच्याकडं सरकवला.