वावर वर आणतं ते

आमच्या वावरात गोटे उगवतात. नरखेडकडे हे कुणालाही सांगा, मान डोलावतील. उन्हाळ्यात वेचून धुऱ्यावर, म्हणजे बांधावर टाका, पुढच्या उन्हाळ्यात तेवढेच पुन्हा हजर. मी शहरातली, गांधीबागेतल्या कापड दुकानदाराची मुलगी. लग्न होऊन आले तेव्हा मला वाटलं, मजूर बायाच कामचुकार आहेत. मग नवऱ्याने समजावलं. काळी माती उन्हाळ्यात आकसते, भेगाळते. पावसात फुगते आणि फुगताना पोटातलं वर ढकलते. समजलं, पण आवडलं नाही.

गोटे वेचायला कांताबाई यायच्या. उंच, काटक, तोंडाने फटकळ. बाकीच्या बाया टोपली धुऱ्यावर रिकामी करत. या मात्र उन्हातान्हात पार नाल्याच्या काठापर्यंत नेत. एकदा मी चिडलेच.

"धुरा हा काय इथं! तिकडं काहून नेता, कांताबाई?"

"तिथं माही पोरगी हाय वं, सूनबाई."

नाव ठेवायच्या आधीच गेलेली पोरगी. एवढ्याशा लेकराला जाळत नाहीत, पुरतात. माझ्या सासऱ्यांनी तेव्हा काठावरची जागा दिली होती. पायातला तांब्याचा वाळा तसाच राहू दिला होता. पाय फार बारीक, म्हणून बापाने तो एका बाजूने ठोकून चेपला होता. नाला दर पावसाळ्यात काठ खात तिच्याकडे सरकत होता, आणि कांताबाई दर उन्हाळ्यात त्याच्यापुढे गोटे रचत होत्या. त्यानंतर मी त्यांच्या टोपलीबद्दल चकार शब्द काढला नाही.

मग एका पावसाळ्यात नाला असा चढला, की गोटे, काठ, बाभळी, सगळं घेऊन गेला. पूर ओसरल्यावर काठ सुरीने कापल्यासारखा उभा होता. कांताबाई कितीतरी वेळ त्या मातीत वाकून बघत राहिल्या.

"गेली वाहून," एवढंच म्हणाल्या. त्या रडल्या नाहीत, मलाच आवरेना.

नाला एका हाताने नेतो, दुसऱ्या हाताने टाकतो. वळणाखालच्या आमच्या तुकड्यावर ढोपरभर मऊ गाळ पसरला. नवरा खूश, अशी माती विकत मिळत नाही म्हणे. तिथं संत्र्याची कलमं लावायचं ठरलं.

त्या गाळात एकही गोटा नव्हता. तरी उन्हाळ्यात कांताबाई टोपली घेऊन तिथंच गेल्या. भर दुपार, वारा पडलेला, पाखराचाही आवाज नाही. मी पाणी घेऊन मागोमाग गेले, तर त्या एका भेगेत बोटं घालून बसलेल्या. त्यांनी हिरवं पडलेलं काहीतरी बाहेर काढलं. एका बाजूने चेपलेला वाळा.

मला वाटलं, छातीशी धरतील. त्यांनी तो पदराने पुसला, पुन्हा भेगेत खोल सोडला आणि वरून माती लोटली.

"नीज, बाई." मग माझ्याकडे वळल्या. "सापडली वं. आता तिले वर येऊ देऊ नका."

मी हो म्हणाले. हो म्हणायला काय जातं!

पुढच्या उन्हाळ्यात वाळा वर आला होता. कलमाच्या आळ्याशेजारी, कुणी हाताने ठेवावा तसा. मी तो पुरला. त्याच्या पुढच्या उन्हाळ्यातही तेच. कारण मला ठाऊक आहे, माती फुगते, ढकलते. पण ते कारण घरात बसूनच आठवतं. तिथं उकिडवं बसलं की पायाखालून कुणीतरी उठू बघतंय असं वाटतं, आणि मी भिते.

कांताबाई आता खाटेवरून उठत नाहीत, डोळ्यांनीही दिसत नाही. काल डबा घेऊन गेले, तर त्यांनी माझा हात धरला.

"वर तं नाही आली वं?"

"नाही. गाढ झोपली आहे."

माझ्या नखांत सकाळची काळी माती होती. कांताबाईंनी ती बोटाने चाचपली. मग माझी मूठ हळूच मिटून दिली.