हादियाचं कोरं पान

केर्केन्ना बेटावर एकच बोलवा होती: हादियाने सहा महिने धक्क्यावर बसून सूर्यफुलाच्या बिया फोडल्या आणि बोटीच्या तिकिटांची वेबसाइट म्हणून कोरं पान करून दिलं. खोटं आहे. सात आठवडे बसली होती, आणि बिया तिला चालत नाहीत. तिचं तोंड वाकडं असतं ते जन्मापासून.

बसली होती ती माणसं बघायला. बेटावरचा माणूस रिकाम्या हाताने बोटीवर चढतच नाही. एका हातात ऑक्टोपसची टोपली नाहीतर लेकीकडे न्यायची कोंबडी. फोनला उरतो तो एक अंगठा, तोही दोराने चिरलेला. म्हणून हादियाने एकच प्रश्न ठेवला, कुठली बोट? आणि तळाशी, अंगठ्याजवळ, एकच मोठं बटण.

बेटावर मानाने पुरुषाला 'सी' म्हणतात, बाईला 'लल्ला'. बोट कचेरीचे साहेब सी मुंजी बोलतात ते गुळण्या केल्यासारखे. "लल्ला हादिया, दिसत तर काहीच नाही. वर्षभरात एकाने तरी नाव काढलं?"

"चपलेचं नाव कधी काढता, सी मुंजी? चावली की."

"जीभ आवर. हे पान पुसतो. माझा पुतण्या नवं करील."

सात आठवड्यांची मेहनत एका सकाळी गेली. पुतण्याच्या पानावर आधी ऑक्टोपस नाचायचा, मागे लग्नाचा ढोल, मग बेटाचा इतिहास. बटण पार वरच्या कोपऱ्यात. धक्काभर तेवढीच चर्चा. सी मुंजी खूश. "बघा, लोक बोलतायत."

बोलत होतेच. जाळी विणणारी म्हातारी मबरूका कचेरीच्या खिडकीपाशी येऊन म्हणाली, "मेल्याचे आठ हात हलून होईतो माझी बोट सुटली. आता डोळ्याच्या डॉक्टरची तारीख तोच देणार का?" तिच्यामागे आणखी तीसजण.

चौथ्या दिवशी हादियाचं पान गुपचूप परत लागलं. सी मुंजींनी माफी मागितली नाही. तिने ऐकलीही नसती.

मी तिची भाची. नाकपुड्या फुगवून बोलणं मला तिच्यासारखं हुबेहूब जमतं. तसंच म्हटलं, "मावशी, आता तरी कुणी म्हणेलच, जुनं आलं ते बरं झालं."

"एकही नाही. लाव पैज. हरलीस तर महिनाभर माझी नक्कल बंद."

दुसऱ्या सकाळी मी बोटीच्या रांगेतल्या चाळीसजणांना विचारलं, तिकीट कसं काढलंत? शिव्या कप्तानाला मिळाल्या, वाऱ्याला मिळाल्या, मासळीच्या भावाला मिळाल्या. मबरूका शेवटची.

"तिकीट? काढलं की," ती म्हणाली. "कोंबडी धर जरा."

मी धरली. खांबाला टेकून उभ्या हादियाने बोटाने स्वतःचे ओठ शिवून दाखवले.