राजे मान हलवेपर्यंत

तुम्ही पाठवलेल्या व्हिडिओत चांदीची काठी धरून उभे असलेले म्हातारे गृहस्थ तुमच्या आजोबांचे धाकटे भाऊ, माझे भावोजी आहेत. त्याखाली तुम्ही हसरे चेहरे टाकले होते, म्हणून हे लिहिते.

आपल्या घराण्याकडे एका छोट्या संस्थानाची चोपदारी होती. राजे दरबारात येताना चोपदाराने पुढे चालायचं, ललकारी द्यायची आणि राजे बसले की गादीशेजारी काठी धरून ताठ उभं राहायचं. राजांनी मान हलवली की हलायचं, त्याआधी नाही. संस्थान गेलं, दसऱ्याचा दरबार तेवढा राहिला. आजोबा गेल्यावर काठी भावोजींकडे आली. मुलुंडच्या फ्लॅटमध्ये ते ती रांगोळीने घासत बसायचे, आणि तेव्हा त्यांच्याशी कुणी बोलायचं नाही.

थोरले राजे वारल्यावर यंदाचा दरबार त्यांच्या मुलाने जुहूच्या बंगल्यात भरवला. भावोजींचं प्रोस्टेटचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, म्हणून मी सोबत गेले. ललकारी त्यांनी खणखणीत दिली. राजे बसले, सोनं वाटून झालं, पण मान काही हलेना. लोक जेवायला उठले. राजेही उठले. भावोजी काठी धरून तसेच उभे.

मी जवळ जाऊन म्हटलं, "बसा हो. कोण बघतंय आता?"

"वहिनी, तुम्ही बाजूला व्हा."

मग मी राजांकडे गेले. तिशीतला मुलगा, हातात ताट. "त्यांना मोकळं करा. बाथरूमला जायचंय त्यांना."

"माहितेय ना, आजी. पप्पा म्हणायचे, हे लोक मरतील पण हलणार नाहीत. आमची पैज लागलीय."

मित्रांनी फोन वर धरले. थोड्या वेळाने भावोजींची पांढरी विजार भिजत गेली आणि गालिच्यावर डाग पसरला. कुणीतरी शिट्टी मारली. तेव्हा राजांनी मान हलवली.

तुमचा व्हिडिओ इथे संपतो. त्यानंतर भावोजींनी मुजरा केला आणि गादीला पाठ न दाखवता, त्या ओल्या गालिच्यावरून उलट्या पावली दारापर्यंत गेले.

टॅक्सीत सीटवर वर्तमानपत्र पसरून बसले. मी म्हटलं, "काठी परत देऊन टाका त्यांना."

ते म्हणाले, "गालिचा खराब झाला हो राजांचा. पुढच्या वर्षी आदल्या दिवसापासूनच पाणी बंद करतो, वहिनी."