माऊलीचं मिक्सिंग

दोन हजार पाचच्या सुमारास आमच्या माले गावात कुणाच्या घरी लग्न निघालं, की सुपारी फुटायच्या आधीच माऊलीला सांगावा जायचा. माऊली हा माझा धाकटा भाऊ. शेतीतून वेळ काढून तो लग्नांचं शूटिंग करायचा आणि घरच्या कॉम्प्युटरवर त्याचं मिक्सिंग. नवरा गुलाबात, नवरी चंद्रात, सासरे धबधब्यात. लोक खूश, मला मात्र धबधब्याखाली व्याह्यांचा फेटा कोरडा कसा, हा प्रश्न पडायचा. हात कसबी, पण वेळेच्या नावानं बोंब. लग्न मे महिन्यात आणि पिक्चर दसऱ्याला, असा सगळा खाक्या.

त्या वर्षी भिकूआजोबांच्या सृष्टीचंही तसंच झालं. या नातीला आजोबांनीच लहानाची मोठी केली. पण ऐन लग्नाच्या आदल्या दिवशी म्हातारा गोठ्यात घसरला, मांडीचं हाड मोडलं, आणि पोरीचं लग्न लागलं तेव्हा हे पौडला दवाखान्यात. तेव्हापासून एकच धोशा, "मला माज्या पोरीचं लगीन बघायचंय."

दसऱ्याला सृष्टी माहेरी आली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती सासरी परतणार होती. माऊलीनं शब्द दिला, "आज सांच्याला या आजोबा, पोरीशेजारी बसून बघा." सीडी अजून काढायची होती, म्हणून कॉम्प्युटरवरच दाखवायचं ठरलं. पोरांनी आजोबांना खुर्चीसकट उचलून आणलं. माऊलीनं बटण दाबलं. कॉम्प्युटरच्या डब्यातला पंखा घरघरला, हिरवा दिवा लागला, पण पडदा काळा ठिक्कर.

माऊलीनं मॉनिटरला चापटी मारली, सगळं बंद करून पुन्हा चालू केलं. काही नाही.

"आजबी न्हाई व्हय?" आजोबांनी विचारलं. त्यांचा उतरलेला चेहरा पाहून मला भावाचा अस्सा राग आला!

"कुणी हात लावलाय का ह्याला?" माऊली ओरडला.

"म्या लावलाय," त्याची बायको रत्ना म्हणाली. "दसरा हाय. कोयता पुजला, नांगर पुजला, मग ह्यानं काय घोडं मारलंय? समद्या वायरी काढल्या, पुसला, हळदीकुंकू लावलं, आन् जितल्या तितं लावल्या. दरसाल मीच करतीया."

माऊली डब्याच्या मागच्या बाजूला वाकला. रत्ना टॉर्च घेऊन त्याच्या डोक्यावरच उभी. मॉनिटरची वायर वरच्या निळ्या जागेत, दोन्ही स्क्रू आवळून चोख बसवलेली. तिच्या खाली अगदी तशीच दुसरी निळी जागा रिकामी.

"ही खालची कवा आली?" रत्नानं विचारलं.

मिक्सिंग अडकायला लागलं म्हणून गणपतीत माऊलीनं गुपचूप ग्राफिक्स कार्ड बसवून आणलं होतं. चित्र उमटवायचं काम आता त्या कार्डाकडे, आणि त्याची वायर खालच्या जागेत लावायची. वरची जागा बंदच पडलेली. दरसालच्या सवयीनं वायर वरच लावणाऱ्या रत्नाला हे कसं कळावं? कार्डाचे पैसे घरघंटीसाठी ठेवलेले होते, आणि घरघंटी "पुण्यात मिळंना" असं हा पठ्ठ्या तेव्हापासून सांगत होता.

त्यानं एकदा बायकोकडे पाहिलं, एकदा आजोबांकडे.

"घरघंटीच्या पैशाचं हाय ते," तो सगळ्यांदेखत म्हणाला.

"आदी वायर लावा," रत्ना म्हणाली. "तुमच्याकडं मंग बघतीया."

वायर खाली गेली आणि पडदा उजळला. गुलाब झाला, चंद्र झाला, सासरे धबधब्यातून कोरडे बाहेर आले. मग अंतरपाट दिसला, मंगलाष्टका सुरू झाल्या. आजोबांनी सृष्टीचा हात घट्ट धरला आणि दुसरा हात रत्नापुढे पसरला.

"अक्षता आण गं."

रत्ना धुसफुसतच आत गेली आणि कुंकवात कालवलेले तांदूळ घेऊन आली. पडद्यावर 'सावधान' झालं आणि म्हाताऱ्यानं अक्षता टाकल्या, थोड्या मॉनिटरवर, बाकीच्या शेजारी बसलेल्या सृष्टीच्या डोक्यावर. मग आम्ही सगळ्यांनीच टाकल्या. की-बोर्डात तांदूळ शिरत होते, तरी माऊलीनंही टाकल्या. मी तर सरळ रडले.

"आता लागलं," आजोबा म्हणाले, "आता लागलं माज्या पोरीचं लगीन."